आढी, शिपणं आणि तुझा गुडघा

आधी पत्र, थोडं कापून छापतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी रत्नागिरीजवळच्या एका गावात राहते, वय 31. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी आठवड्यातून चार दिवस भरतनाट्यमचे क्लास घेते, मुली गांधर्व महाविद्यालयाच्या नाचाच्या परीक्षांना बसतात. पाच वर्षं झाली हौशी नाटकात पण आहे. राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या ग्रुपचं नाटक असतं, त्यात काम करते, शिवाय नाच बसवणं, कपडे बघणं, कधी कधी स्क्रिप्ट टाइप करणं पण माझ्याकडेच. आणि मी लिहिते. म्हणजे लिहायचे. दोन कथा छापून आल्यात आणि एक दोन अंकी नाटक सव्वा वर्षं अर्धवट पडलंय. यंदा शिमग्याला गावातल्या बायकांनी नमन (आमच्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य) बसवलं, गवळणीचा नाच तू बसव म्हणाल्या, नाही म्हणता आलं नाही, आणि आता पुढच्या वर्षी पण मीच असं सगळे धरून चाललेत. आई म्हणते एक ना धड भाराभर चिंध्या. आमचे दिग्दर्शक म्हणतात लिखाण काय कधीही होईल, आता स्टेजवर उभी राहा, आणि तेच परत म्हणतात की तू साधा संवाद बोलताना पण मुद्रा करतेस. मी पहाटे पाचला उठून एक तास लिखाण, एक तास नाच, रात्री एक तास पाठांतर असं टाइमटेबल केलं होतं, नऊ दिवस टिकलं. यातलं एक काहीतरी सोडू का? सोडलं तर कुठलं?
– तीन होड्यांवरची

ता. क. नोव्हेंबरपासून उजवा गुडघा दुखतोय, जिना उतरताना जास्त. पण ते चालायचंच."

अगो बाय, नाही चालायचं. अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तू ता. क. मध्ये टाकलीस म्हणून मी सुरुवात तिथूनच करते, होड्यांचं मग बघू.

नोव्हेंबर म्हणजे काय गं? स्पर्धेच्या रिहर्सली आणि क्लासमधल्या मुलींच्या परीक्षा, दोन्ही एकाच वेळी. गांधर्वच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोनदा असतात, आणि नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी पण साधारण त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात येऊन बसते. म्हणजे दर वर्षी हा घोळ ठरलेला आहे, यात तुझं नशीब वगैरे काही नाही. त्या दोन महिन्यांत तू संध्याकाळी सहाला ऑफिसातून धावत येऊन, अंग मोकळं न करता, थंड पायांनी मुलींसमोर अडवू (नाचाच्या पायाभूत हालचाली) करून दाखवत असणार, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूला उघडून अर्धं बसून, "अशी बस, अशी" म्हणत, आणि ते कुठे तर लादीवर. माझी पैज आहे क्लासची खोली लादीची आहे, हल्ली आमच्याकडे सगळ्यांनी घरं पाडून लाद्या घातल्यात, सारवलेली जमीन पावलाला थोडं तरी देते, लादी काहीच देत नाही, जेवढं जोरात पाऊल आपटशील तेवढं सगळं परत पोटरीत आणि गुडघ्यात. शिवाय थकलेल्या अंगाने अरमंडी घेतली की कमरेतून उघडायचा कंटाळा येतो, मग पावलं बाहेर आणि गुडघे आत अशी फसवी अरमंडी होते, तो पीळ गुडघा खातो. हे तुला माहितीये, तू मुलींना हेच ओरडून सांगत असशील.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे काय झालंय ते मी सांगणार नाही, तेल कुठलं लावायचं ते पण नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जा, नाचते हे सांग, व्यायाम दिला तर तो कर. सहा महिने दुखणारा सांधा घेऊन पुढचा सीझन काढायचा बेत करू नकोस. नोकरी, नाटक, नमन सगळ्याला पर्याय मिळतो, उजव्या गुडघ्याला मिळत नाही.

आता तुझा प्रश्न. कुठलं सोडू.

कुठलंच नको, निदान आत्ता तरी नको. पण तू एक मोठी गफलत केलीस ती त्या टाइमटेबलात दिसते, एक तास हे, एक तास ते, एक तास तिसरं. अगं तीन पोरांना खाऊ वाटल्यासारखं. या तिघांची भूक वेगवेगळी आहे. तुझ्याकडे हापूसची चार कलमं असतीलच, आणि माडा-पोफळीचं आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, नसलं तरी कुणाचं तरी पाहिलं असशील, त्यावरून सांगते.

नाच म्हणजे शिपणं. पोफळीला पाऊस संपला की मेपर्यंत पाणी द्यावंच लागतं. आज जास्त दिलं म्हणून पुढचे आठ दिवस सुट्टी असं चालत नाही. अंगाचं तसंच आहे, रविवारी चार तास नाचलीस आणि सोमवार ते शनिवार काही नाही, तर त्या चार तासांतून दुखणं तेवढं मिळतं. त्यापेक्षा रोज पंचवीस-तीस मिनिटं, अगदी साधी, अंग मोकळं करणं, मोजके अडवू तीन काळात म्हणजे तीन वेगांत, एखादा पदम (अभिनयाचं गाणं) बसून फक्त चेहऱ्याने आणि हातांनी. आणि एक गोष्ट नीट ऐक, क्लास घेणं हा तुझा रियाज नाही. क्लासमध्ये तू मुलींचे पाय बघतेस, स्वतःचं अंग ऐकत नाहीस. माझ्या ओळखीच्या कितीतरी नाच शिकवणाऱ्या बायका याच भ्रमात दहा दहा वर्षं काढतात की मी रोज नाचतेच की, आणि एक दिवस स्टेजवर उभ्या राहिल्या की दम लागतो. मुली यायच्या आधीचा अर्धा तास तुझा, दार लावून. पहाटे पाचला नको, तू त्या जातीची नाहीस हे नऊ दिवसांत कळलंय, त्यात लाज कसली. गुडघ्याचं डॉक्टर सांगेपर्यंत पाय आपटणं बंद, बसून अभिनय कर, तो तुला नाटकात पण लागणार आहे, त्यावर खाली बोलते.

लिखाण म्हणजे आढी. आंबा उतरवला, गवतात घातला, आता त्याला रोज एक तास बोटाने दाबत बसलं तर तो पिकतो का? डागळतो. पण आढी लावून विसरून गेलं तर पण कुजतो, आणि एक कुजला की शेजारचे चार घेऊन जातो. मधूनमधून हात घालून वास घ्यायचा, बाकी सोडून द्यायचं, आणि पिकला की मात्र सगळं बाजूला ठेवून पेट्या भरायला बसायचं, तेव्हा पाव्हणे आले तरी उठायचं नाही. तुझं दोन अंकी नाटक सव्वा वर्षं आढीत आहे. त्याला रोजचा एक तास नकोय, त्याला सलग वीस-पंचवीस दिवस हवेत. आणि हे दिवस आपल्याकडे आहेत कुठे तर पावसात.

माझ्या वाडीत (मी दक्षिणेकडची, सिंधुदुर्गातली, त्यामुळे माझी उदाहरणं इकडची येणार) एक दशावतारी काका आहेत, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतार या लोकनाट्यात काम करणारे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे संपेपर्यंत रात्र रात्र उभे असतात, कधी अर्जुन, कधी कृष्ण, लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरतं आणि मग रंगमंचावर समोरच्याच्या शब्दाला शब्द लावत पहाटेपर्यंत. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला की पेटारा वर आणि काका शेतात. मी एकदा विचारलं, चार महिने बंद, विसरायला होत नाही का हो. तर म्हणाले, "विसारतलंय कित्याक? तरवो काढताना तोंडान भाषणां चालूच असतत, बैल आयकतत." (तरवो म्हणजे भाताची रोपं.) मला हे फार आवडलं होतं. काकांनी वर्षाचे दोन तुकडे केलेत, पण दुसऱ्या तुकड्यात पहिला अगदीच मेलेला नसतो, बैल ऐकत असतात. रोज थोडी शेती थोडं नाटक असं काही त्यांच्या डोक्यातच येणार नाही, चिखलणी अर्धा तास करून थांबता येत नाही.

तर तुझं असं बघ. आता मे चाललाय. मे मध्ये काहीही ठरवू नकोस, अगदी एक ओळ लिहायचा पण संकल्प नको, चाकरमानी आलेत, पेट्या भरायच्यात, परीक्षा आहेत, लग्नं आहेत. या महिन्यात फक्त डॉक्टर आणि झोप. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून श्रावणापर्यंत नाटक लिहायचं, आणि या काळात स्टेजवरचं कुठलंही काम घ्यायचं नाही, कुठलंही म्हणजे वर्धापनदिनाचं निवेदन पण नाही. क्लास चार दिवसांऐवजी दोन कर, पावसात निम्म्या मुली तशाही येत नाहीत. रोज अर्धा तास शिपणं चालू. बाकी संध्याकाळ लिखाणाला, लाइट गेली तरी हाताने लिही, आमच्याकडे जुलैत लाइट असणं हीच बातमी असते.

आणि त्याला तारीख दे गं, तारीख. तुझे दिग्दर्शक म्हणतात ना लिखाण कधीही होईल, ते त्यांच्या दृष्टीने खरंच आहे कारण लिखाणाला कोणी फोन करून विचारत नाही. रिहर्सलला दहा माणसं वाट बघत असतात, क्लासच्या बाहेर आया उभ्या असतात, शिमग्याला तर पालखीच निघालेली असते. लिखाणाची वाट कोण बघतं? कोणीच नाही, म्हणून दर वेळी तेच मागे राहतं, यात तुझा आळस बिळस काही नाही. मग वाट बघणारं कोणीतरी तयार करावं लागतं. आपल्या मराठीत ती सोय आहे, दिवाळी अंक. 1909 साली मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी, मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे बघ नाव आपल्याकडचंच, आणि तेव्हापासून मराठी लेखक पावसाळाभर दिवाळीसाठी लिहितोय. बरेच संपादक जून ते ऑगस्टमध्ये मजकूर मागवतात. नाटक नाही छापणार सगळे, पण तुझी तिसरी कथा पाठव, एखाद्या संपादकाला आत्ताच कळव की जुलैअखेर देते. एकदा शब्द दिलास की तू देशील, पत्रावरून वाटतं तू शब्द दिलेलं टाळणारी नाहीस, तोच तर तुझा प्रॉब्लेम आहे. नाटकासाठी तुझ्या ग्रुपला सांग, गणपतीच्या आधी दोन अंकांचं वाचन तुमच्यासमोर करणार. चहा-भजी तुझ्याकडून. दहा माणसं येणार म्हटल्यावर दुसरा अंक आपोआप हलतो.

(यातला एक स्वार्थ पण सांगून ठेवते. ते नाटक पुढेमागे स्पर्धेला करायचं झालं तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ऐन रिहर्सलमध्ये शेवटचा प्रवेश बदलत बसायची चैन तिथे नसते. ऑगस्टमध्ये पूर्ण झालेलं नाटक म्हणजे पुढच्या वर्षीची सोय.)

माझं सांगू? मी पण एक नाटक असंच ठेवलं होतं, सवड मिळाली की पूर्ण करू. तेव्हा मी एकाच वर्षात दोन नाटकांत काम, एका संस्थेचा वार्षिकोत्सव आणि वर एक बालनाट्य शिबिर असं सगळं घेतलं होतं, सगळीकडे मी हवीच असायचे आणि मला ते आवडायचं पण, खोटं कशाला बोलू. संस्थेने शेवटी श्रीफळ दिलं, गाडीभाडं पण नाही. ते नाटक पत्र्याच्या ट्रंकेत होतं, सात वर्षांनी उघडलं तर वाळवीने मधली पंधरा पानं खाल्लेली, पहिला प्रवेश शाबूत, शेवटचा शाबूत, मधे भुसा. लोक म्हणाले आठवून लिही. नाही आठवलं. नाचातलं अंगाला आठवतं, दशावतारी काकांना भाषणं आठवतात कारण ती तोंडात असतात, पण एकदाच लिहिलेलं आणि कधी कुणाला न वाचून दाखवलेलं काही आठवत नाही. म्हणून ते वाचन कर म्हणतेय.

गणपतीनंतर नाटकाचा सीझन. इथे माझं एकच म्हणणं आहे, एका नाटकात एकच काम. यंदा अभिनय करणार असशील तर अभिनय कर, कपडे दुसरं कोणी बघेल, टायपिंग तर नक्कीच दुसरं कोणी, पंचवीस वर्षांच्या पोरांना मोबाइलवर टाइप करता येतं. ते म्हणतील "तू छान करतेस", तेव्हा हसायचं आणि गप्प बसायचं. आणि नोव्हेंबरच्या सत्राला मुलींना बसवायचंच का याचा विचार कर, सगळ्यांना एप्रिलच्या सत्राला बसव ना, पालक कुरकुरतील आठ दिवस. प्रारंभिक किंवा प्रवेशिका सहा महिने उशिरा झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. या एका बदलाने तुझा वर्षातला सगळ्यात भयानक महिना निम्मा होतो, आणि गंमत म्हणजे यात कुठलीच कला सोडावी लागत नाही.

मुद्रांबद्दल. दिग्दर्शक बोलले ते बरोबर असेल, पण त्याचा अर्थ नाच नाटकाला मारतोय असा नाही. आपल्याकडे नाट्यशास्त्रातच नाट्यधर्मी आणि लोकधर्मी असे दोन रस्ते सांगितलेत, एक संकेतांचा, एक रोजच्या वागण्याचा, आणि तुझं अंग एकाच रस्त्यावर पंधरा-वीस वर्षं चाललंय, साधी चहाची कपबशी उचलताना पण ते सुंदर दिसायला बघतं. काय कर, पहिले आठ दिवस रिहर्सलमध्ये हातात काहीतरी काम धर. तांदूळ निवड, कोयतीवर नारळ फोड, खोटं खोटं नको, खरंच. हात खऱ्या कामात गुंतला की मुद्रा करायला मोकळा राहत नाही आणि आवाज जागेवर येतो. आणि बसून पदम करतेस तेव्हा उलटं करून बघ, तोच भाव हात मांडीवर ठेवून नुसत्या डोळ्यांनी, मग डोळे पण मिटून नुसत्या श्वासाने. सात्त्विक अभिनय म्हणतात तो तिथे सापडायला लागतो आणि तो दोन्हीकडे चालतो. तुझ्या लिखाणात पण याचा फायदा असणार, ज्या बाईला कोणी कसं उभं राहतं ते दिसतं तिला पात्रं लिहिताना "ती दुःखी होती" असं लिहावं लागत नाही. पण म्हणून तिन्ही एकच आहेत, एक केलं की बाकीची आपोआप होतात, असं जे कोणी व्यासपीठावरून सांगतात ना, त्यांचं ऐकू नकोस. नाचून नाटक लिहून होत नाही.

राहिलं नमन. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास! गावाला नाही म्हणणं कठीण, मला माहितीये, आणि म्हणू पण नये असं मला वाटतं. ज्या नमनात गवळणी पण इतकी वर्षं पुरुषच व्हायचे तिथे बायका स्वतः उभ्या राहतायत, यात तू असायला हवीस. पण आख्खी तू नको. नवरात्रातच त्यांना जाऊन सांग, शिमग्याआधीचे दोन रविवार मी तुमची, त्यात गवळण बसवते, पुढची प्रॅक्टिस तुमच्यातली एक जण घेईल. आणि ती एक जण कोण ते तूच निवड, तुझ्या क्लासची एखादी मोठी मुलगी असेल. आधी सांगितलं की लोक ऐकतात, ऐनवेळी सांगितलं की मानपान निघतात. भरतनाट्यम मात्र त्यात घुसवू नकोस हां, मृदंगावर त्या बायकांची जी गावठी ठेक्याची चाल आहे तीच राहू दे, तुझं काम रांगा सरळ करणं आणि कुठे वळायचं ते सांगणं एवढंच.

आईला काय सांगायचं ते मला विचारू नकोस. चिंध्या म्हणते ती, आमच्याकडे चिंध्यांचीच गोधडी शिवतात असं मी लिहिणार होते, मग लक्षात आलं की हे प्रत्येकच सल्ला देणारी बाई लिहील. खरं म्हणजे आईला तू रात्री अकराला लंगडत घरी येताना दिसतेस, तिला तेवढंच दिसतं. लंगडणं बंद झालं की बोलणं निम्मं होईल.

आणि हे सगळं करूनही समज पावसाळ्यात ते नाटक नाही हललं, वीस दिवस बसलीस आणि काहीच नाही, तर मला लिही. मग कदाचित खरंच एक होडी सोडायची वेळ असेल, आणि ती कुठली ते तेव्हा दिसेल, सव्वा वर्षं फक्त उरलेल्या वेळात ढकललेल्या कामावरून आत्ता ते ठरवता येत नाही. मला स्वतःला वाटतं हलेल.

वही प्लास्टिकच्या डब्यात ठेव, ट्रंकेत नको. आणि उत्तर लिहिशील तेव्हा नाटकाचं नंतर, आधी डॉक्टर काय म्हणाले ते कळव.